शहाणा तुकडा

मुकादम खडी धुऊन बघत असत. रुळांखालची दगडी खडी ते मूठभर उचलत, काचेच्या बरणीत टाकत, पिण्याच्या पाण्यातले थोडे पाणी तिच्यात ओतत आणि झाकण लावून बरणी जोराने हलवत. मग ती स्लीपरवर ठेवून बिडी पेटवत. बिडी संपेपर्यंत माती तळाशी बसे. बाहेरून तिला आडवी बोटे लावून ते निकाल देत : "दोन बोटं. अजून जगंल." किंवा, "चार बोटं. हिचा दम कोंडलाय, सायेब."

खडीतल्या मातीचे प्रमाण काढण्याची रीत आमच्या पुस्तकात होती. ठराविक जागची खडी काढायची, वाळवायची, चाळायची, तोलायची आणि आकडा काढायचा. मी नवा असताना मुकादमांच्या बोटांशी माझा आकडा तीनदा ताडून पाहिला. दोनदा जुळला. तिसऱ्यांदा माझा गुणाकार चुकला, असे आमचा चावीवाला, म्हणजे रुळांच्या सैल चाव्या ठोकत रोज मार्गावरून फिरणारा यूसुफ, पुढे कित्येक वर्षे सांगत असे. ते खरे नाही. काटा बिघडलेला होता.

मी शहापूरच्या शाळेत शिकलो. वडील भिवंडीत लूमवर काम करीत आणि रविवारी घरी येत. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, परीक्षा दिली आणि रूळमार्गाचा कनिष्ठ इन्स्पेक्टर म्हणून भिवंडीला आलो. वडिलांनी ज्या गावात पंचवीस वर्षे उभ्याने काम केले, त्याच गावात मला टेबल आणि खुर्ची मिळाली. ही गोष्ट मी कधी विसरलो नाही. पण टेबलावर बसून रूळ कळत नाहीत, हे मला मुकादमांच्या गँगमध्ये पहिल्याच आठवड्यात समजले.

मुकादम काल्हेरचे. वाडवडील खाजणातली भातशेती करणारे, खाडीत मासे धरणारे. मार्गाचे काम चालू होते तेव्हा ते गँगमध्ये लागले आणि मार्ग सुरू होईपर्यंत तिचे मुकादम झाले, म्हणजे चौदा माणसांचे म्होरके. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, पायांत टायरच्या चपला. त्यांचे नाव हजेरीपटावर होते, पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी ऐकली नाही. ते मला 'सायेब' म्हणत. माझ्या वयाची त्यांची मुले होती आणि सुरुवातीला मला त्याचा संकोच वाटे. एकदा तसे बोललो तर म्हणाले, "खुर्चीला म्हनतो मी. तुमी मदी मदी तिच्यात बसलेलं असता, म्हनून तुमाला ऐकू येतं."

रूळ सरकवायचा असला की चौदा पहारी एकदम लागाव्या लागतात. त्यासाठी मुकादम ओरडून ताल देत आणि गँग 'हैसा' म्हणून जोर लावी. तालातले शब्द ते जागच्या जागी जुळवत. मी पहिल्या दिवशी उन्हात रुमाल डोक्याला बांधून उभा राहिलो, तेव्हा काल्हेरच्या बाजूने सगळ्या शेतांत ऐकू जाईल असा आवाज आला :

"बीएस्सी सायेब..."

"हैसा!"

"उनानं सुकलं..."

"हैसा!"

"घरी धाडा रं..."

"हैसा!"

रूळ दोन इंच सरकला. मी रुमाल सोडून खिशात ठेवला. त्यानंतर आठवडाभर डोक्यावर चटके सोसले, मग बाजारातून टोपी आणली. टोपीवरही ताल झाला, तो इथे देण्यासारखा नाही.

आपल्या हद्दीतल्या तुकड्यांना मुकादमांनी नावे ठेवलेली होती. कागदावर किलोमीटर आणि खांबांचे आकडे होते, गँगमध्ये ते कोणी वापरत नसे. स्टेशनाबाहेरच्या वळणाचे नाव 'जावई' होते, कारण त्याचे कितीही केले तरी समाधान होत नसे. पुलाजवळचा तुकडा 'म्हातारी', हवा बदलली की दुखणारा. आणि दापोड्याकडच्या खाजणातला सुमारे ऐंशी फुटांचा एक तुकडा 'शहाणा'. दोन्ही बाजूंना दलदल, भरतीला पाणी भरावाच्या पायाशी येई. आजूबाजूचा मार्ग पावसाळ्यात बसे, आम्ही तो उचलून खडी ठोकत असू. शहाणा मात्र कधी बसत नसे. मालगाड्या त्याच्यावरून धडधडत जात आणि रूळ जागचा हलत नसे.

या तुकड्यामुळेच मुकादमांच्या गँगला उत्तम देखभालीची ढाल मिळालेली होती. मोठ्या साहेबांची पाहणी त्या जागी झाली होती म्हणे, आणि खाजणात असा मार्ग राखणारी गँग त्यांनी पाहिली नव्हती. लाकडावर पितळी पत्रा ठोकलेली ती ढाल गँगच्या चौकीत भिंतीवर टांगलेली असे. गँगमधला एक जण दर शनिवारी ती चिंचेने घासत असे. मुकादम स्वतः तिच्याकडे फारसे बघत नसत. मला तो विनय वाटे.

खडी चाळण्याचे यंत्र आमच्याकडे आले ते मला तिथे तीन वर्षे झाल्यावर. पिवळे, रुळांवर चालणारे, एखाद्या चाळीएवढे लांब. त्याच्या पोटाखालून एक जाड साखळी जाते. तिच्या प्रत्येक कडीला पोलादी पंजे. ही साखळी स्लीपरच्या खालून आडवी फिरते, खालची सगळी खडी खरवडून वर नेते आणि मोठ्या हलत्या चाळण्यांवर टाकते. चांगली खडी परत रुळाखाली पडते, माती आणि चुरा बाजूच्या उतारावर फेकला जातो. चौदा माणसे फावडी, पंजे आणि घमेली घेऊन जे काम महिन्यात करतील, ते यंत्र दोन-तीन दिवसांत करी.

गँगमध्ये धास्ती होती. यूसुफ म्हणाला, "मुकादम, आता आपल्याला बी चाळून बाजूला फेकतील." मुकादमांनी यंत्राभोवती सावकाश एक फेरी मारली, चाळण्यांखाली वाकून पाहिले, हाताने एक पंजा हलवून पाहिला.

"माझी आई तांदूळ चाळायची, तसंच हाय," ते म्हणाले. "फक्त तिला डिझेल लागत नव्हतं."

त्या दिवसापासून यंत्राचे नाव 'चाळणी' पडले. यंत्राचे प्रमुख तिवारीजी त्यावर रागावत. "चालनी नहीं, मुकादम, मशीन बोलो. करोड़ों की मशीन है." मुकादम म्हणत, "करोडची चालनी बोलतो, बस?" पण चाळणीच्या पाठीमागून बरणी घेऊन फिरणारे तेच होते. पहिल्या दिवशी चाळून पडलेली खडी त्यांनी धुऊन पाहिली. पाणी जवळजवळ नितळ राहिले. त्यांनी बरणी तिवारीजींपुढे धरली आणि म्हणाले, "तिवारीजी, ये तो पीने का पानी है." तिवारीजींना एवढी शाबासकी साहेबांकडूनही मिळाली नसेल. त्या दुपारी दोघे एकाच डब्यात जेवले. सुकटीचा डबा तिवारीजींपासून दूर ठेवून.

चाळणी चालवायची तर गाड्या बंद कराव्या लागतात. या ठरवून मिळालेल्या वेळेला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉक तीन तासांचा, मिनिटे मोजून. म्हणून आदल्या दिवशी गँगने पुढची तयारी करायची. साखळी घालण्यासाठी रुळाखाली चर खणायचा, वाटेतल्या केबली, खुंट, लोखंड शोधून काढायचे. मग मुकादमाने एका छापील कागदावर सही करायची की उद्याच्या लांबीत जमिनीखाली अडथळा नाही. त्याखाली माझी सही. या कागदावर तिवारीजी साखळी फिरवत. खाली लोखंड असले आणि पंजा त्यात अडकला, तर साखळी तुटते. तुटलेली कडी कोणत्या दिशेला उडेल हे सांगता येत नाही, आणि चराच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात.

मुकादम चौथी शिकलेले. सही करायला त्यांना वेळ लागे. ते आधी कागद वाचत, ओठ हलवत, रोजचाच असला तरी. मग मांडीवर फळी घेऊन एकेक अक्षर काढत. अकरा दिवस त्यांनी अशी अकरा वेळा सही केली.

बाराव्या दिवशी दुपारी मी चौकीत गेलो. दुसऱ्या दिवशीच्या लांबीत दापोड्याचा शहाणा येत होता. गँग चर खणायला गेली होती. मुकादम एकटे बसले होते, कागद फळीवर कोरा होता.

"सही राहिली," मी म्हणालो.

"न्हाय करनार."

मला वाटले पेन चालत नसेल. मी माझे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाही.

"शहान्याखाली रूळ हायेत, सायेब. तुकडे. मी घातलेले."

त्यांनी सांगितले ते असे. मार्ग नवा होता त्या वर्षी खाजणातला भराव रोज बसत होता. सकाळी उचलावा, संध्याकाळी पुन्हा खाली. गाड्या माणसाच्या चालीने सोडाव्या लागत. वरून रोज विचारणा. गँग थकली होती, दोघे तापाने पडले होते. मुकादमांना वडिलांनी खाजणाचे बांध कसे राखायचे ते शिकवले होते. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडून खारे पाणी शेतात शिरू लागले, की तिवराच्या फांद्या आडव्या-उभ्या रचून चटई करायची आणि तिच्यावर चिखल दाबायचा. नुसता चिखल टाकला तर खाजण गिळते. मुकादमांनी तेच रुळांखाली केले. स्लीपरच्या खाली फूटभर तिवराची चटई, आणि ती दबू नये म्हणून तिच्यावर टाकाऊ रुळांचे चार-पाच फुटी तुकडे आडवे. वर खडी. दोन दिवसांत काम झाले. तेव्हाचे इन्स्पेक्टर रजेवर होते. ते परत आले तेव्हा भराव बसायचा थांबला होता आणि कसा थांबला हे त्यांनी विचारले नाही.

रुळाखाली असे काही पुरणे नियमाविरुद्ध आहे, हे मुकादमांना तेव्हाही ठाऊक होते. त्यानंतर पाहणी झाली आणि ढाल मिळाली.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"तवा सहा जन व्हतो. तिगं रिटायर होऊन गावाला गेलं, दोगं वारलं. आता मीच हाय."

मुकादमांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. नोकरीत त्यांच्यावर एक ताकीदही नव्हती. हे लिहून गेले तर चौकशी लागणार होती, आणि चौकशी चालू असताना निवृत्त होणाऱ्या माणसाचे काय होते ते मी पाहिले होते. मी विचार केला आणि मला मार्ग सुचला. त्या वेळी तो मला फार चांगला वाटला होता.

"आपण असं लिहू," मी म्हणालो, "की त्या ऐंशी फुटांत जुनी केबल आहे, तिची जागा नक्की कळत नाही. मशीन अलीकडे थांबेल, साखळी काढतील, पलीकडे पुन्हा घालतील. तेवढा तुकडा राहील. तुमचं नाव कुठंच येणार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते. मी लहान मुलासारखा काहीतरी बोललो आहे, असा चेहरा होता.

"चाळनी परत कदी येईल?"

"दहा-बारा वर्षांनी."

"तवा तुमी हितं असाल?"

"नाही. बदली होईल."

"मी बी न्हाय. मंग कोनतरी नवीन सायेब कागद वाचंल. केबल शोदंल. केबल मिळनार न्हाय, तर बोलंल, अडतळा न्हाय. आनि करंल सही." त्यांनी बोटाने कागदावरची सहीची रेघ दाखवली. "मंग तवाच्या तिवारीचं मानूस मरंल. तवा कोनाला इचारनार?"

मी पुढे केलेले पेन अजून माझ्याच हातात होते.

"लिवा," ते म्हणाले. "माझं नाव घालून लिवा. कदी घातलं, कसं घातलं, किती खाली हाय, समदं. मी सांगतो, तुमी लिवा. माझं शुद्धलेखन न्हाय."

आम्ही दोघांनी मिळून तो अहवाल लिहिला. दोन पाने झाली. 'नाइलाजाने' असा एक शब्द मी मध्ये घातला होता. त्यांनी ओठ हलवत वाचले आणि तो खोडायला लावला. "तवा नाइलाज न्हवता. सांगायचं व्हतं, सांगितलं न्हाय."

दुसऱ्या दिवशीचा ब्लॉक चाळणीऐवजी गँगला मिळाला. चौदा माणसांनी शहाणा उघडला. तिवराच्या फांद्या काळ्या पडल्या होत्या, पण कुजल्या नव्हत्या. त्यांच्यावर रुळांचे एकोणीस तुकडे निघाले. मुकादमांनी एकोणीसच सांगितले होते. तिवारीजी चराच्या काठावर उभे राहून पाहत होते. एक तुकडा वर आला तेव्हा त्यांनी तो बुटाने ढकलून पाहिला, मग आपल्या यंत्राकडे पाहिले.

"मेरे दो आदमी यहीं खड़े रहते हैं, मुकादम. ठीक यहीं."

"ठावं हाय," मुकादम म्हणाले, आणि पुढच्या तुकड्यासाठी पहार लावली. त्या दिवशी ताल दिला गेला नाही.

गँगला हे आवडले नाही. पंधरा दिवसांत ढाल काढून नेली. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. यूसुफ सर्वांसमोर म्हणाला, "मुकादम, तुमाला रिटायर व्हायचं व्हतं का शहीद? चार म्हयनं तोंड बंद ठेवलं असतं तर काय बिगडलं असतं?" मुकादम म्हणाले, "आरं, अकरा वर्सं बंदच व्हतं ना. लय दुखाय लागलं व्हतं." काही दिवस यूसुफ चहाचा पहिला कप मुकादमांना देत नसे, दुसरा देत असे. मग पुन्हा पहिला देऊ लागला.

चौकशी झाली. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात त्यांच्या नावावर लेखी ताकीद लागली. स्वतःहून सांगितले म्हणून तेवढ्यावर सुटले, असे मला ऑफिसात सांगण्यात आले. निरोप समारंभाला मोठे साहेब येणार होते, ते आले नाहीत. चौकीतच आम्ही नारळ आणि शाल दिली. तिवारीजी दुसऱ्या सेक्शनवर गेलेले होते. तिथून ते मालगाडीच्या गार्डच्या डब्यात बसून आले आणि अर्ध्या तासात परत गेले. मी भाषण लिहून आणले होते. उभा राहिलो आणि चार वाक्यांत संपवले. मुकादमांनी आदल्या दिवशीच नव्या मुकादमाला हद्दीवरून पायी फिरवून आणले होते. अख्खा दिवस लागला.

रूळ काढल्यावर शहाणा पुन्हा बसू लागला. त्या पावसाळ्यात आम्ही दर आठवड्याला तो उचलत होतो. मोठी दुरुस्ती मंजूर व्हायला वेळ लागला. गँग मुकादमांच्या नावाने बोटे मोडी, निदान माझ्यासमोर. श्रावणात एका दुपारी मुकादम काल्हेरहून सायकलवर आले आणि भरावाच्या खाली, शेताच्या कडेला उभे राहिले. मी त्यांना वर बोलावले.

"नको," ते खालूनच म्हणाले. "आता मी पब्लिक हाय. पब्लिकनं लायनीवर येऊ नये." मग सायकल कडेला टेकवत, "किती बसतंय?"

"महिन्याला दीड इंच."

त्यांनी मान हलवली. "म्हंजे आता तुमाला ठावं हाय किती बसतंय ते."

नंतर मोठी दुरुस्ती मंजूर झाली, बाजूला दगडी बांध आला आणि पाण्याला वाट मिळाली. पुढच्या दोन वर्षांत बसण्याचे प्रमाण बरेच कमी झाले. त्या मंजुरीच्या कागदात आमच्या दोन पानी अहवालाचा उल्लेख होता. मी तो मुकादमांना दाखवायला काल्हेरला गेलो. त्यांच्या घरापुढे गोदामाचे बांधकाम चालू होते, शेत विकले गेले होते. ते खाटेवर होते आणि मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. कागद मी वाचून दाखवला. त्यांनी विचारले, "तिवर कापून टाकलं न्हाय ना, दगड घालताना?" काही कापावे लागले होते. मी तसे सांगितले. त्यानंतर महिन्याभरात ते गेले, हे मला यूसुफने फोनवर कळवले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझी बदली झाली. कार्यभार द्यायचा म्हणजे आमच्याकडे चाव्या, रजिस्टरे आणि एक सही. दुपारच्या जेवणाआधी उरकते. माझ्या जागी आलेला मुलगा इंजिनिअर होता, हुशार. मी त्याला तीन दिवस पायी फिरवले. पुलाजवळ कोणता स्लीपर मी वेळेवर बदलला नव्हता ते दाखवले. वळणावरच्या एका मोजणीत मी आकडा अंदाजाने भरला होता, तो कोणता तेही सांगितले. अशा अकरा गोष्टी निघाल्या. तिसऱ्या संध्याकाळी मी त्या कागदावर उतरवून, खाली सही करून त्याच्या हातात दिल्या.

त्याने वाचले आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, हे लिहून कशाला देताय? तोंडी सांगितलंत तेवढं पुरे आहे. उगाच तुमच्या अंगावर येईल."

मी त्याला खुर्चीत बसवले आणि मुकादमांची हकीकत पहिल्यापासून सांगितली.